'हे बघा' म्हणायचं नाही: कॉमिक्सवाल्यांनी पॉडकास्टवर कसं बोलावं

पहिल्यांदा मला पॉडकास्टवर बोलावलं तेव्हा मी माइकसमोर कॉमिक उघडून धरलं आणि म्हणाले, "हे बघा, हा डावीकडचा वेताळ बघा, काय आलाय!" (वेताळ म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला मुखवटेवाला फँटम.) समोर स्क्रीनवर पुण्याची दोन मुलं होती. त्यांना पान दिसत होतं, म्हणून तीही "वा ताई, वा" करत होती. भाग मात्र फक्त आवाजाचा निघणार होता. तो आला तेव्हा मी नाशिकरोडहून सीबीएसला निघाले होते, सिटीलिंकच्या बसमध्ये खिडकीशी बसून ऐकला. ५२ मिनिटांत मी १९ वेळा "हे बघा" म्हटलं होतं. मोजायला सुरुवात केली ती द्वारकेपाशी, आणि मेहेर सिग्नलला उतरेपर्यंत कान तापले होते.

त्यानंतर सहा वेळा पाहुणी म्हणून गेले. चार वेळा घरून, दोनदा स्टुडिओत. आता कॉमिक्सवर लिहिणारी ओळखीतली माणसं "ताई, उद्या रेकॉर्डिंग आहे, काय करू?" म्हणून फोन करतात. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

आमंत्रण येतं तेव्हा

लगेच "हो" पाठवू नका. आधी विचारा, नुसता आवाज आहे की व्हिडिओपण? या एका उत्तरावर निम्मी तयारी ठरते. दुसरं, ऐकणारे कोण? कॉमिक्स वाचून वाढलेले चाळिशीतले लोक असतील तर वेताळ कोण हे सांगण्यात वेळ घालवायला नको. कॉलेजातली मुलं असतील तर सांगावंच लागतं, आणि ते दोन वाक्यांत जमलं पाहिजे.

तिसरं, विषय काय? "कॉमिक्स आणि आपलं बालपण" असा विषय आला तर गोड बोलून बदलून घ्या. या विषयावर प्रत्येक पाहुणा भूगोलाच्या पुस्तकात लपवलेल्या इंद्रजालची गोष्ट सांगतो. माझ्याकडेही ती आहे, माझ्या पुस्तकाचा विषय नागरिकशास्त्र होता, एवढाच फरक. ऐकणाऱ्याला त्यातून नवीन काही मिळत नाही. विषय बारीक करून मागा. "वेताळाच्या कपड्यांचा रंग" एवढ्यावर मी पाऊण तास बोलले आहे आणि तो माझा सगळ्यात बरा जमलेला भाग आहे.

रंगच का, ते सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला नुसतं "प्रेस" म्हटलं की कुठला, हे सांगावं लागत नाही. नोटा छापणाऱ्या गावात वाढल्यामुळे घरात पैसा होता अशातला भाग नाही, पण छापलेल्या कागदाकडे बघायची एक खोड लागली. मी चौथीत असताना अण्णांनी माझ्या हातातलं इंद्रजाल घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "रंग सरकलाय गं." वेताळाच्या खांद्याबाहेर रंगाची एक बारीक कड सांडली होती. त्या दिवसापासून मला गोष्टीआधी कड दिसते. तुमचीही अशी एखादी खोड असेल. कुणाला अक्षरांचं वेड असतं, कुणाला जाहिरातींचं, कुणी फक्त भाषांतर तपासत बसतो. पॉडकास्टवर तीच घेऊन जा. विकिपीडिया यजमानांनीही वाचलेला असतो.

किती सामान न्यायचं

तीन कॉमिक्स. चौथं बरोबर घेऊ नका. मी पहिल्या वेळी सोळा घेऊन बसले होते आणि एकाही चित्रापाशी धड थांबले नाही.

रंगाच्या भागासाठी मी काय नेलं ते उदाहरण म्हणून बघा (इथे चालतं, तुम्ही वाचताय). ली फॉक या लेखकाचा वेताळ म्हणजे फँटम. तो १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत सुरू झाला, रोजच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीत. फॉकच्या डोक्यात त्याचा पोशाख करडा होता, 'द ग्रे घोस्ट' असं नावही त्याच्या मनात येऊन गेलं होतं. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि पोशाख जांभळा छापला गेला. मग तो देशोदेशी गेला आणि जिथे जाईल तिथल्या शाईचा झाला. स्वीडन-नॉर्वेकडे निळा, इटलीत लाल. आपल्याकडे टाइम्सवाल्यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढलं, त्यात सुरुवातीला निळा होता, नंतर जांभळा झाला. त्यामुळे "वेताळ निळा की जांभळा" यावर दोन भाऊ भांडत असतील तर बहुतेक थोरला निळा म्हणत असतो आणि धाकटा जांभळा, आणि दोघंही खरं बोलत असतात.

एवढीच गोष्ट. पण यात ऐकणाऱ्याला भांडायला जागा आहे, स्वतःची आठवण तपासायला जागा आहे. तुमच्या तीन वस्तू अशा निवडा की त्यातली निदान एक तरी ऐकणाऱ्याच्या घरातलं भांडण सोडवेल किंवा लावून देईल.

एक सावधगिरी खास मराठीतल्या बोलण्यासाठी. नुसतं "वेताळ" म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर चांदोबातलं चित्र येतं: स्मशान, हातात तलवार घेतलेला विक्रम राजा आणि त्याच्या खांद्यावर लोंबणारं प्रेत. एका भागात यजमान दहा मिनिटं त्या वेताळाबद्दल विचारत होता आणि मी या वेताळाबद्दल उत्तरं देत होते. दोघांनाही कळलं नाही. ऐकणाऱ्यांना कळलं. आता मी पहिल्यांदा नाव घेताना "मुखवट्यातला वेताळ" म्हणते, मग पुढे नुसता वेताळ चालतो.

चित्र कानाला कसं दाखवायचं

बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे जमलं पाहिजे. आपण ज्याबद्दल बोलतोय ते ऐकणाऱ्याला दिसत नाही. क्रिकेटच्या रेडिओ कॉमेंट्रीवाल्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय, पण त्यांना एक सोय होती, मैदान सगळ्यांना पाठ होतं. कॉमिक्सचं पान दरवेळी नवीन असतं.

बहुतेक जण काय करतात? चित्र सांगायचं सोडून गोष्ट सांगतात. "मग तो गुहेत जातो, मग तिथे चाचे येतात, मग मारामारी होते." ऐकणारा म्हणतो, बरं, मग? गोष्ट तर कुठल्याही पुस्तकात असते. तुम्ही कॉमिक्सबद्दल बोलायला आलात, म्हणजे एका चौकटीपाशी थांबून ती उभी केली पाहिजे. एका भागात दोन चौकटी, फार तर तीन. त्याच्यावर नाही.

माझा क्रम असा ठरून गेला आहे. आधी चौकटीचा आकार, म्हणजे पानभर आहे, आडवी पट्टी आहे, की काडेपेटीएवढी आहे. मग आपण कुठून बघतोय, झाडावरून खाली की जमिनीवरून वर. मग एकच मोठी आकृती आणि तिचं तोंड कुणीकडे. मग एक बारीकशी गोष्ट, जी चित्रकाराने मुद्दाम घातली आहे. सगळ्यात शेवटी फुग्यातलं वाक्य. मग गप्प बसायचं. हा शेवटचा भाग मला सगळ्यात जड गेला.

दिशा सांगायला विसरू नका. याचं महत्त्व मला लेकीने शिकवलं. ती तेव्हा सातवीत होती. तिच्या हातात पेन्सिल आणि कोरा कागद दिला, मी पाठमोरी बसून एका चौकटीचं वर्णन केलं आणि तिने न बघता काढलं. माझ्या मते वर्णन झकास झालं होतं: घोडा, स्वार, मागे धूळ, पुढे दरी. तिने घोडा डावीकडे तोंड करून काढला. मूळ चित्रात तो उजवीकडे धावत होता. फरक काय पडतो? मराठी आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून उजवीकडे धावणारा घोडा पुढे जात असतो आणि डावीकडे धावणारा परत येत असतो. तिच्या कागदावर माझा शूर स्वार पळून चालला होता.

हा सराव प्रत्येकाने करावा. घरात लहान मूल नसेल तर शेजाऱ्यांचं आणा. मोठ्या माणसांना बसवू नका, ती "मला कुठे चित्र येतं" म्हणत वेळ काढतात. एका चौकटीला तीन प्रयत्न द्या. तिसऱ्या कागदावर माणसं आपापल्या जागी आली की वर्णन तयार झालं. लिहून पाठ करू नका. पाठ केलेलं माइकवर लगेच कळतं, आवाज शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखा चढतो.

बारीक गोष्ट कशी निवडायची याचं मी नेहमी एक उदाहरण देते. मुखवट्यातल्या वेताळाला बुबुळं नसतात. मुखवट्याच्या भोकांत नुसता पांढरा रंग. तो कुणाकडे बघतोय ते कधी कळत नाही, म्हणून भीती वाटते. आता टिंकल या मुलांच्या मासिकातला शिकारी शंभू आठवा. त्याची शिकारी टोपी नाकापर्यंत उतरलेली, खाली मिशा. त्याचेही डोळे आपल्याला दिसत नाहीत. वसंत हळबे यांनी तो तसाच काढला. दोघांचेही डोळे लपवलेत, पण एकाचे लपवल्यामुळे गुन्हेगार थरथरतात आणि दुसऱ्याचे लपवल्यामुळे आपल्याला कळतं की ह्या गड्याला समोरचा वाघही दिसत नाहीये. माइकवर हे सांगितलं की ऐकणारा मनातल्या मनात दोन्ही चेहरे काढतो. त्याला चित्र दाखवावं लागत नाही, ते त्याच्याकडे आधीपासून असतं. तुम्ही फक्त बोट ठेवायचं.

आता दोन चौकटींच्या मधली पांढरी पट्टी. कॉमिक्सचं निम्मं काम तिथे होतं. समजा पहिल्या चौकटीत शिकारी बंदूक रोखून उभा आहे आणि दुसरीत तो झाडाच्या शेंड्यावर बसलाय. मधे काय झालं ते कुणी काढलेलं नाही, वाचणाराच ते डोक्यात घडवतो आणि म्हणून हसतो. बोलताना ती पट्टी म्हणजे तुमचं थांबणं. "बंदूक रोखून उभा आहे." एक श्वास. "झाडावर बसलाय." मधे "आणि मग वाघ आल्यामुळे घाबरून" असं घातलंत की विनोद मेला.

यातही मी एकदा फसले. मी व्यवस्थित थांबले होते, पण त्यांच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लांबलेली शांतता आपोआप कापायची सोय चालू होती. भागात मी "उभा आहे झाडावर बसलाय" असं एका दमात म्हणताना ऐकू येते, जणू शिकारी झाडावर उभा राहून बसलाय. तेव्हापासून रेकॉर्डिंगआधीच सांगते, "बाबांनो, माझे थांबे कापू नका, ते मुद्दाम घेतलेत."

फुगे वाचताना नाटक करू नका. वेताळासाठी खर्जातला आवाज, बाईसाठी बारीक आवाज, हे दोन मिनिटं गंमत म्हणून ठीक असतं, मग कीव येते. सरळ वाचा. पण अक्षरांबद्दल बोला. "धडाम" हे ओरडून सांगण्यापेक्षा "धडाम ही अक्षरं चौकट फोडून शेजारच्या चौकटीत घुसलीत" असं सांगितलं तर आवाज किती मोठा होता ते जास्त कळतं. चिंटूसारखी वर्तमानपत्रातली पट्टी असेल (सकाळमध्ये १९९१ साली सुरू झालेली, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर) तर काम सोपं होतं, कारण तिथे बरंचसं संवादावर चालतं. ज्यांना चौकटीचं वर्णन अजून जमत नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी.

नावं आणि सालं

एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरात नावं-सालं लिहून समोर ठेवा. स्मरणशक्तीवर जाऊ नका, लाल दिवा लागला की स्वतःच्या लग्नाचं सालसुद्धा आठवत नाही.

काही जागा हमखास पाय घसरायच्या आहेत. अमर चित्र कथेचा पहिला अंक कोणता, असं विचारलं की सगळे "कृष्ण" म्हणतात. त्या अंकावर क्रमांक ११ आहे. आधीचे दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते. १९६७ हे साल, अनंत पै यांनी दूरदर्शनवर पाहिलेली प्रश्नमंजुषा आणि त्यात मुलांना रामाच्या आईचं नाव न येणं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण त्याआधी पै टाइम्समध्ये होते आणि इंद्रजाल सुरू झालं तेव्हा त्या कामाशी त्यांचा संबंध होता, हे सांगितलं की यजमानाचा चेहरा बदलतो. मुखवटेवाला आणि मुरलीवाला एकाच माणसाच्या टेबलावरून गेले, असं मी म्हणते. (हे वाक्य माझं आहे, वापरायचं तर वापरा.)

चित्रकारांची नावं घ्या. हात जोडून सांगते, घ्या. "अमर चित्र कथेची चित्रं छान असायची" म्हणून पुढे जाऊ नका. तो 'कृष्ण' राम वाईरकरांनी काढला, टिंकलमधल्या सुप्पांडीचं डोकंही त्यांचंच. प्रताप मुळीक, दिलीप कदम ही मराठी माणसं होती, आणि देशभरातल्या मुलांनी राम-कृष्ण-शिवाजी या हातांतून पाहिले. मुळीकांनी पुढे राज कॉमिक्सच्या नागराजची चित्रं काढली. आणि इंग्रजी स्पेलिंगमुळे आपलीच नावं आपल्याकडे मोडून परत येतात. मुळीकांचं इंग्रजी स्पेलिंग वाचून यजमान "प्रताप मलिक" म्हणतो, हळब्यांचं "हाल्बे" होतं. रेकॉर्डिंगआधी ही नावं देवनागरीत लिहून पाठवा. मधेच टोकू नका. तुमच्या पुढच्या वाक्यात नाव बरोबर उच्चारा, शहाणा यजमान ते उचलतो.

साल चुकलं तर तिथेच थांबा, आणि नुसतं "नाही नाही, चौसष्ट" म्हणू नका. पूर्ण वाक्य पुन्हा म्हणा. एडिट करणाऱ्याला अख्खं वाक्य मिळालं तर तो जुनं काढून नवीन बसवतो. नुसत्या आकड्याचं तो काही करू शकत नाही.

घरात रेकॉर्डिंग करताना

स्टुडिओ असेल तर हा भाग सोडून द्या. तिथे माइकची काळजी दुसरं कुणीतरी घेतं.

घरात सगळ्यात वाईट जागा म्हणजे हॉल. फरशी, काच, मोकळ्या भिंती, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. मी बेडरूममध्ये कपाटाचं दार उघडून साड्यांकडे तोंड करून बसते. पाठीमागे दोरीवर आईने शिवलेली जाड गोधडी टांगते, टेबलावर टॉवेल अंथरते. फोमच्या काळ्या पाट्या विकत आणायची गरज नाही. पंखा बंद. हो, मे महिन्यातसुद्धा. आधी खोली गार करून घ्या.

नाशिकमध्ये राहून वेळ निवडणं ही वेगळीच कला आहे. सकाळी घंटागाडी. त्यानंतर कधीतरी ओझरकडून एखादं सुखोई डोक्यावरून जातं. आमच्या बाजूला देवळालीच्या तोफखान्याचा सराव असला की खिडकीची काच हलते, आणि तो "धुम्म" पुण्याच्या यजमानाला ऐकू जातो. एकाने घाबरून "ताई, सगळं ठीक आहे ना?" विचारलं होतं. मी म्हटलं, रोजचंच आहे, चालू ठेव. दुपारी जेवणानंतर अडीच ते साडेचार ही वेळ मला मानवली आहे. तुमच्या गल्लीची वेळ दोन दिवस कान लावून शोधा. रस्ता खोदणारा ब्रेकर जवळपास आला असेल तर सरळ तारीख बदला.

माइक साधा असला तरी चालतो, पण तोंडापासून एक वीतभर, आणि नाकासमोर नको, किंचित कडेला. आपल्याकडे फ आणि भ फार, त्यांची हवा माइकवर आदळते. तपासायला "भोपळा, फुगा, फटाका, भयंकर फँटम" असं म्हणून रेकॉर्ड करा आणि ऐका. ढब ढब आवाज येत असेल तर अजून कडेला सरका. कानात वायरचा इअरफोन लावा. ब्लूटूथवाला माइक म्हणून वापरायला लागलं की त्याचा आवाज पातळ होतो, जुन्या टेलिफोनसारखा. पण वायरवर जो इवलासा माइक असतो त्याच्यावर भिस्त ठेवू नका, तो ओढणीला घासतो. बायकांसाठी आणखी एक: बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ठेवा. मी हातवारे करत बोलते, आणि माझ्या एका भागात वेताळाच्या प्रत्येक ठोशाबरोबर छन्न असा आवाज आहे.

ऑनलाइन कॉलवर नेट डळमळलं की आवाज फाटतो. म्हणून फोन एअरप्लेन मोडवर टाकून, त्यातलं रेकॉर्डर चालू करून माइकशेजारी ठेवा. सुरुवातीला एकदा टाळी वाजवा, म्हणजे नंतर दोन्ही रेकॉर्डिंग जुळवता येतात. बोलणं संपल्यावर अर्धा मिनिट काही न बोलता बसा. खोलीची ती नुसती शांतता एडिट करणाऱ्याला जोड लपवायला लागते. माझ्याकडचं नेट दोनदा गेलं आणि दोन्ही वेळा हे फोनमधलं रेकॉर्डिंगच कामी आलं.

जुन्या कॉमिक्सचा कागद करकरतो. लागणारी पानं आधीच उघडून टॉवेलवर मांडून ठेवा, बोलताना उलटू नका. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली असतील तर पिशवीतून आधीच काढा, ती पिशवी कागदापेक्षा दुष्ट असते.

आणि मिसळ नंतर. रविवारी सकाळी तर्री मारलेली मिसळ खाऊन अकराला माइकवर बसायचा पराक्रम मी करून बसलेय, ढेकर दाबण्यात अर्धी बुद्धी गेली. दुधाचा चहाही अर्धा तास आधी थांबवा, घसा चिकट होतो. कोमट पाणी जवळ ठेवा, स्टीलच्या भांड्यात नको, ठेवताना वाजतं.

व्हिडिओ असेल तर थोडंच सांगते. मुखपृष्ठ छातीपाशी धरा, मनात तीन मोजेपर्यंत हलवू नका, चकाकत असेल तर वरची कड जराशी पुढे झुकवा. पण वर्णन सोडू नका, बरेच जण व्हिडिओ लावून भांडी घासत असतात. एखादी चौकट दाखवायला पाठवलीत तर एकच पाठवा. समीक्षेसाठी थोडा भाग वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे, अख्खी गोष्ट पडद्यावर फिरवायला नाही.

बोलताना

यजमानाला चुकून सुद्धा "तुम्हाला माहीत नाही?" म्हणू नका. कॉमिक्सवाल्यांचा हा जुना रोग. आपण वर्षानुवर्षं एकटे वाचत आलेलो असतो, कुणी विचारलं की एकदम सगळं बाहेर येतं आणि वर समोरच्याची परीक्षा घ्यावीशी वाटते. इंद्रजालमध्ये वेताळाच्या देशाचं नाव बदलून डेंकाली का केलं हे यजमानाला माहीत नसणारच. म्हणून तर त्याने तुम्हाला बोलावलं. सांगा: मूळ नाव बंगालशी मिळतंजुळतं होतं, भारतात छापताना ते अडचणीचं वाटणार. वीस सेकंदांत होतं आणि कुणाचा पाणउतारा होत नाही.

उत्तर येत नसेल तर "बघून कळवते" म्हणा आणि खरंच कळवा. "कॉमिक्सचं भवितव्य काय" असा प्रश्न शेवटी येतोच. त्याला मी उत्तर देत नाही. एखादं नुकतंच वाचलेलं नाव सांगते आणि त्यातली एक चौकट वर्णन करते.

भाग झाल्यावर

त्याच दिवशी एक मेसेज पाठवा: घेतलेली सगळी नावं देवनागरीत, सालं, आणि कुठे चुकलात ते अंदाजे मिनिटासकट. भाग आधी ऐकायला मागितलात तर फक्त माहितीची चूक दुरुस्त करायला मागा. स्वतःचा आवाज कुणालाच आवडत नाही, त्यावरून यजमानाला छळू नका. मानधनाचं म्हणाल तर मला आजवर एकदा चहा-बिस्किट आणि एकदा रिक्षाभाडं मिळालंय. ते आधी विचारायला लाजू नका, पण आशाही धरू नका.

मग भाग एकदा ऐका, हातात पेन्सिल घेऊन. मी कागदाच्या एका बाजूला "हे बघा"च्या रेघा मारते. गेल्या वेळी चार होत्या.

रंगाचा भाग आला तेव्हा अण्णांना ऐकवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, त्यामुळे निवांत होते. खुर्चीत मान मागे टाकून पाऊण तास ऐकलं. मला वाटलं झोपले. संपल्यावर म्हणाले, "जांभळी शाई अशी वेगळी कुठे असते तिथे? निळ्यावर लाल चढवतात. निळा एका फेरीत होतो, जांभळ्याला दोन जुळवाव्या लागतात. म्हणून तुझा तो वेताळ कडेला सरकायचा. ते तू सांगितलंच नाहीस."

पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. कार्डावर सगळ्यात वर तेच लिहून ठेवलंय.